मागच्या भिंतीचे स्पीकर

आमची मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरबद्दल आहे, आणि ते घरात कशामुळे आले हे माहीत नसेल तर वाचणाऱ्याला ती नोकरदार नवरा-बायकोची हौस वाटेल.

मी देऊळगाव राजाला शाळेत शिकवते. नवरा तहसील कचेरीत लिपिक आहे. त्याचं गाव डोणगाव, माझं माहेर वरवट बकाल. घर बांधलं तेव्हा आम्ही मागच्या बाजूला एक खोली जास्तीची काढली, आणि स्लॅब पडायच्या दिवशी नवऱ्याने मिस्त्रीला सांगून तिच्या छताला एक लोखंडी कडी टाकून घेतली. पाळण्यासाठी. तेव्हा काही नव्हतं, नुसती आशा होती. पुढे दिवस राहिले तेव्हा त्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला, खिडकीला जाळी बसवली.

तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई पोटावर एक छोटं यंत्र फिरवायच्या. त्याला मुठीएवढा स्पीकर होता. त्यातून शिलाई मशीन जोरात चालवल्यासारखा ठोका यायचा. नवरा मान तिरकी करून ऐकत उभा राहायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "एवढूसा स्पीकर हाय, पण पाह्य कसा साफ आवाज देते." बाकीचे बाप मुलाचं नाक कोणावर जाईल म्हणतात; हा स्पीकरचं कौतुक करायचा. मला हसू यायचं.

शेवटच्या वेळी बाईंनी यंत्र ठेवलं आणि नुसती खरखर आली. त्यांनी जागा बदलली. पुन्हा खरखर. खाली, बाजूला, बरगडीजवळ. मग एक ठोका सापडला. नवरा एकदम पुढे झाला. "आला, आला!" म्हणाला.

बाई यंत्र न उचलता म्हणाल्या, "हा आईचा आहे."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय काय झालं ते मी लिहिणार नाही. मुलगी मला एकदा दाखवली, टॉवेलात गुंडाळलेली. केस खूप होते, ओले, कपाळाला चिकटलेले. तोंड झोपल्यासारखं. नंतर नवरा आणि माझा दीर तिला डोणगावला घेऊन गेले आणि आमच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला मातीत ठेवून आले. मी वॉर्डातच होते. दिवेलागणीला नवरा परत आला, पलंगाच्या कडेला बसला. हातपाय धुऊन आला होता, पण नखांत काळी माती तशीच होती. "झालं," म्हणाला.

त्यावर मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. घरी आलो. मला दूध आलं आणि आपसूक आटलं. रजा संपवून मी शाळेत जायला लागले. मागच्या खोलीचं दार लावलेलं असायचं. कपडे वाळत घालायला त्या दारावरून जावं लागे, तेव्हा मी बादली दुसऱ्या हातात घ्यायचे. का, ते माहीत नाही.

घरात आवाज कमी झाला होता असं नव्हतं. कुकर वाजायचा, टीव्ही चालायचा, गल्लीतले लोक हाका मारायचे. पण आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते गॅस संपला, दळण टाकायचं आहे, एवढंच.

मग एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मागच्या खोलीत होम थिएटर बसवू म्हणतो."

माझा घास हातातच राहिला. "कशाले?"

"खोली रिकामी हाय."

"बसवा," मी म्हटलं, आणि ताट उचलून उठले.

त्याला आवाजाचं वेड पहिल्यापासून होतं हे सांगायला हवं. डोणगावात जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर जो साउंड लागायचा, त्याच्या मिक्सरपाशी कॉलेजात असल्यापासून हाच बसायचा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या काकाने विचारलं होतं, मुलाला काही व्यसन? तर दीर म्हणाला होता, "स्पीकरच्या बासचं हाय." पण घरात त्याने साधा रेडिओही घेतला नव्हता. घराचे हप्ते, गावाकडचं, बहिणीचं लग्न, हौसेचा नंबर कधी लागलाच नव्हता. तो आता लागला, आणि कशाच्या जागी लागला हे मला रोज दिसत होतं.

कचेरीतून आला की तो मोबाइलवर स्पीकरचे व्हिडिओ लावून बसायचा. मी वह्या तपासत असले तरी मला समजावून सांगायचा. पाच स्पीकर आणि एक सबवूफर लागतो. समोर डावा-उजवा, मधे सेंटर. सिनेमातलं बोलणं सगळं त्या मधल्यातून येतं, म्हणून तो हलका घेऊन चालत नाही. दोन मागे, कानाच्या जरा वर. सबवूफर म्हणजे घुमणाऱ्या, खालच्या आवाजासाठी वेगळा डबा. आणि या सगळ्यांना चालवणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर, त्यातच अ‍ॅम्प्लिफायर. डब्यावर मोठमोठे वॅट छापलेले असतात, ते पाहून भुलायचं नाही. स्पीकर किती ओहमचे आहेत ते पाहायचं, नाहीतर अ‍ॅम्प तापून बंद पडतं. आपली खोली लहान, भिंती सिमेंटच्या, मोठे उभे स्पीकर ठेवले तर आवाज भिंतीवर आपटून नुसता कालवा होईल. छोटे, मांडणीवर बसणारे घ्यायचे, पण चांगले.

मी 'हं' म्हणायचे. मनात यायचं, पोरीचं नावसुद्धा आपण ठेवलं नाही, आणि ह्याला ओहम आठवतात.

एकदा सासूबाई डोणगावहून आल्या होत्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. मागच्या खोलीतून टाळी वाजली. थोडं थांबून पुन्हा एक. मग खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून एक.

"काय करून राह्यला थो?" सासूबाईंनी विचारलं.

"आवाज घुमते का ते पाहून राह्यले. स्पीकर कुठी लावाचे ते ठरवासाठी."

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. रिकाम्या खोलीत एक माणूस टाळ्या वाजवत होता आणि आम्ही ऐकत होतो.

"याचे बाबा गेले तवा," त्या म्हणाल्या, "यानं घरावरचा पत्रा सगळा बदलला होता. एकट्यानं. लोकं भेटाले येत आन् हा वरून हातोडा मारत राहे. मी म्हटलं खाली ये, माणसं बसली हाय. आला नाही."

पुन्हा टाळी वाजली.

पडदे त्याने जाड घेतले. फरशीवर सतरंजी टाकली. खडूने खुणा केल्या, खुर्ची कुठे, समोरचे कुठे, मागचे कुठे. कडीचं मात्र काही केलं नाही. तिच्याखालीच खुर्चीची खूण होती.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही स्पीकर ऐकायला जालन्याला गेलो. मी जाणार नव्हते. तो म्हणाला, "चाल ना. दोन कानांनी समजत नाही, चार पायजे." कित्येक महिन्यांनी तो मला 'चाल ना' म्हणाला होता, म्हणून गेले.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऐकायची खोली होती. जाड पडदे, एसी, मधे सोफा. दुकानदार बोलका होता. त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं, थंड पाणी दिलं, आणि पहिला सेट लावला. एकदम इतका दणका आला की ग्लासातलं पाणी थरथरलं.

"कसं वाटलं साहेब?"

"बास फुगून राह्यला," नवरा म्हणाला. "बोलणं त्याच्याखाली दबते. सेंटर बदला."

दुसरा सेट लावला. हा बरा होता. माणूस बोलला तर समोर उभं राहून बोलल्यासारखा वाटत होता. नवऱ्याने रिसीव्हर बदलायला लावला, पुन्हा तोच तुकडा ऐकला, पुन्हा आधीचा जोडायला लावला. डोळे मिटून बसला होता. मला विचारलं, "तुले कोणता चांगला वाटला?" खरं म्हणजे मला फरक कळला होता. पहिल्यात 'स' टोचत होता. तसं मी सांगितलं. तो डोळे उघडून माझ्याकडे पाहायला लागला. "बरोबर," म्हणाला. त्या क्षणी आम्ही दोघं सुटीत खरेदीला आलेलं कोणतंही जोडपं असू शकलो असतो.

दुकानदार म्हणाला, "आता सराउंडची खरी मजा दाखवतो." त्याने एक डेमो लावला. अंधारात जंगल, पानांवर टपटप, डोक्यावरून पाखरांचा थवा गेला. आणि मग आमच्या मागे, डाव्या हाताला, एक लहान मूल हसलं. दोन-अडीच वर्षांचं असेल. हसत हसत आमच्या पाठीमागून उजवीकडे पळत गेलं.

मी वळून पाहिलं.

शेजारी नवराही वळला होता. आम्ही दोघं सोफ्यावर मागे वळून एका निळ्या पडद्याकडे पाहत होतो.

दुकानदार खूश झाला. "बघा! दोघांनीही वळून पाहिलं! हीच तर टेस्ट असते. पैसे वसूल!"

मी उठले आणि जिना उतरून खाली आले. रस्त्यावर ऊन होतं. शेजारच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिले. थोड्या वेळाने तो आला.

"काऊन उतरली?"

"मागचे स्पीकर नोको," मी म्हटलं. "समोरचे घ्या, पायजे तितके मोठे घ्या. मागचे नोको."

"मंग सराउंड कसं होईन?"

"नोको होऊ दे."

तो माझ्याकडे नाही, रस्त्याकडे पाहत होता. पुन्हा वर गेला. बसमध्ये मी खिडकीशी बसले.

आठवड्याभराने खोकी आली. मी शाळेतून आले तर ती ओसरीवर रचलेली. रिसीव्हरचं, सबवूफरचं, सेंटरचं, समोरच्या दोघांचं, आणि सगळ्यांत वर मागच्या दोघांचं. त्याने मागचेही घेतले होते.

मी भांडले नाही. भांडायलाही समोरच्यावर थोडा विश्वास लागतो, तो माझ्याजवळ तेव्हा उरला नव्हता. हा माणूस मला ओळखतच नाही, असं मला वाटलं. पोटात नऊ महिने जिला वागवलं तिच्यासाठी मी कोसळते आहे, आणि ह्याला हवं आहे ते मागून येणारं हसू. मी आत जाऊन चहा ठेवला. एकाच कपाचा.

रविवारी दुपारी त्याने सगळं जोडलं. वायरी भिंतीच्या कडेने नेल्या, मागचे स्पीकर पिवळ्या भिंतीवर बसवले. मग मला हाक मारली. रिसीव्हरबरोबर एक लहानसा माइक येतो. तो खुर्चीवर, माणसाचं डोकं जिथे येतं तिथे ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं, माइकमधून स्वतःच ऐकतं आणि या खोलीत कोणत्याचा आवाज किती हवा ते ठरवतं. तोपर्यंत खोलीत चिडीचूप पाहिजे.

"पंखा बंद कर," तो म्हणाला. "फ्रिजबी बंद कर. आन् दाराशी उभी राह्य, हलू नको."

खुर्चीवर त्याने दोन उशा रचल्या होत्या आणि माइक त्यांच्यावर ठेवला होता. बोटाच्या पेराएवढा. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडकी लावली. तो पाय न वाजवता माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकला. यंत्र सुरू झालं. डाव्या स्पीकरमधून 'सूंऽऽ' असा चढत जाणारा आवाज आला. मग मधल्यातून. मग उजव्यातून.

त्यानंतर थोडी शांतता होती. खोलीच्या मधोमध उशांवर ते एवढंसं काहीतरी, आणि त्याच्यासाठी आख्खं घर आम्ही गप्प करून ठेवलेलं. पंखा नाही, बोलणं नाही, श्वाससुद्धा जपून. ह्याच खोलीत, याच कडीखाली, अशाच दुपारी आम्ही असंच तर उभे राहणार होतो.

मागच्या भिंतीतून 'सूंऽऽ' आला आणि माझा हुंदका फुटला.

यंत्र थांबलं. समोर लावलेल्या टीव्हीच्या पडद्यावर आलं, आवाज जास्त आहे, पुन्हा प्रयत्न करा.

त्याने पुन्हा सुरू केलं. मी तोंडावर पदर दाबला. डावा, मधला, उजवा. पुन्हा तेच. आवाज जास्त आहे.

"तू थोडी बाहेर जातं काय?" त्याने विचारलं. अगदी हळू विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ह्या खोलीतून मी बाहेर जाणार नाही. तुमाले तुमचं मशीन लावाचं असंल तर माझ्या रडण्यासंगं लावा."

तो रिमोट हातात घेऊन उभा राहिला. मग सतरंजीवर बसला.

"मी मागचे काऊन घेतले, तुले सांगू?" तो म्हणाला.

मी दाराशीच उभी राहिले.

"तिले ठेवलं ना. धुऱ्याजवळ. खड्डा भावानं खंदला. मी ठेवलं. मंग पह्यली माती मीच टाकली." त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "बाबाले ठेवलं तवा मातीचा आवाज आला होता. ढेकळं पडली तवा आवाज आला होता, मले याद हाय. हिच्या वक्ती आलाच नाही व. इतकी हलकी होती, इतका लहान खड्डा होता, मऊ माती होती. आवाजच नाही आला. मी अजून टाकली. मंग अजून. भाऊ म्हणे पुरे. मी म्हटलं थांब, काहीतरी वाजू दे."

रिमोट त्याने खाली ठेवला.

"तवापासून मले कुठीबी गेलं तरी थेच ऐकू येते. म्हणजे काहीच ऐकू येत नाही. कचेरीत, गाडीवर. मले वाटलं चारी बाजूनं भरून टाकू आवाजानं. आन् दुकानात ते हसलं मागून. मी वळलो. एका सेकंदासाठी मले वाटलं..."

"मलेबी," मी म्हटलं.

"मले थो सेकंद पायजे होता पुन्हा. म्हणून घेतले. तू नाही म्हटलं तरी घेतले."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. इतके महिने मी धरून चालले होते की पोर माझी गेली, त्याने फक्त पोचवायचं काम केलं. त्याच्या ओंजळीकडे पाहून मला कळलं की तिचं वजन शेवटी त्याने पेललं होतं, मी नाही. तो रडायला लागला तेव्हा मला आधी समजलंच नाही तो रडतो आहे म्हणून. त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घशाच्या खालून येणारा, थांबून थांबून. आम्ही दोघं त्या सतरंजीवर बसून किती वेळ रडलो माहीत नाही. समोर पडद्यावर ती ओळ तशीच होती. मग कधीतरी यंत्र आपणहून बंद झालं.

माइक पुन्हा लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला खुर्चीत बसवलं आणि कानाने जुळवलं. तो रिमोट दाबायचा आणि विचारायचा, "आता?" मी सांगायचे, डावा थोडा कमी. बोलणं अजून वर. सबवूफर पोटात बसतो, कमी करा. मागचे अगदी हळू. "एवढे?" "अजून हळू." "मंग ऐकूच येणार नाही." "येते. मले येते." मांडणी परफेक्ट झाली नसेल, पण बोलणं सुरू झालं. अधूनमधून ते पुन्हा थांबतंही. आम्ही तिथे सिनेमे पाहतो, क्रिकेट असलं की शेजारचे येतात आणि वा वा म्हणतात. काही रविवारी मला त्या दारातून आत जाता येत नाही. तेव्हा तोही लावत नाही.

पावसाळा संपल्यावर मी त्याला म्हटलं, मला ती जागा दाखवा. मी अजून पाहिली नव्हती.

आम्ही डोणगावला गेलो. सोयाबीन सोंगून झालं होतं, वावर मोकळं होतं. पुढे नवरा, मागे मी, आणि दीर आमच्यासोबत. धुऱ्यावरून चालत बाभळीच्या पुढे गेलो आणि नवरा थांबला. इकडे तिकडे पाहायला लागला. पावसाने धुऱ्याची माती वाहून गेली होती, गवत कमरेएवढं झालं होतं.

"अठी," तो म्हणाला.

दीर काही पावलं पुढे गेला. "नाही दादा. हे पाह्य, अठी. आपण दगड ठेवला होता."

"दगड बाभळीच्या अंगाले होता."

"नाही ना. मी खंदलं, मले माईत हाय."

"मी ठेवलं तिले," नवरा म्हणाला. "मले माईत नसंल?"

दोघंही गवत बाजूला करून दगड शोधायला लागले. नवरा वाकून हाताने गवत उपटत होता, बोटं कापली तरी थांबत नव्हता. दगड पुष्कळ होते, आणि सगळे सारखेच. दीर हळू आवाजात म्हणाला, "राहू दे दादा." तो ऐकेना.

मी पुढे होऊन त्याचा हात धरला. हातात मुळांसकट गवत होतं, ते सोडवलं. मग त्याने दाखवलेली जागा आणि दिराने दाखवलेली जागा, यांच्या मधे मी खाली बसले. माती ओलसर होती. दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले. डावीकडे असेल तर डाव्या हाताला जवळ, उजवीकडे असेल तर उजव्या. नवरा आला आणि माझ्याशेजारी टेकला. दीर तिथून निघून बाभळीखाली जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

नाव ठेवायचं का, असं मी त्याला तिथे विचारलं. त्याने आपला तळवा माझ्या तळव्याशेजारी मातीवर ठेवला. मग त्याने एक नाव सांगितलं. त्याने ते आधीच, मिस्त्री छताला कडी बसवत होता त्या दिवशीच ठरवून ठेवलेलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते आमच्या दोघांतच आहे.